रडणं कोणाजवळ थांबतं, ते बघा

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. जूनच्या मध्यापासून तो घराजवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नर्सरीला जातोय. तीन आठवडे झाले, रोज फाटकाशी ओढणी घट्ट धरून रडतो. सकाळी पोट दुखतं म्हणतो, दोनदा उलटीही झाली. डबा तसाच परत येतो. चड्डी ओली करून येतो, घरी हे वर्षभरापासून बंद होतं. टीचर म्हणतात, 'तुम्ही मागे न बघता निघून जात जा.' सासूबाई म्हणतात, 'एवढ्याशा पोराला कशाला घातलंत, वर्षभर राहू दे घरी.' नवरा म्हणतो, होईल सवय. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी एबीसीडी लिहिते. ऑगस्टपासून मला ऑफिस सुरू करायचं आहे. माझं काही चुकतंय का?

उत्तर :

तुम्ही बरंच लिहिलंत, पण मला सगळ्यात आधी जे हवं होतं ते त्यात नाही. तुम्ही फाटकातून परत फिरल्यावर आत काय होतं? पाच-दहा मिनिटांत तो शांत होतो, की अर्धा तास हुंदके देतो, की सुटेपर्यंत दप्तर छातीशी धरून कोपऱ्यात बसून राहतो? शांत होतो तो कोणाजवळ? टीचरच्या मांडीवर, मावशींच्या कडेवर, की कोणाहीजवळ न जाता आपला आपण थकून? तुमच्या पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका माहितीवर ठरतात.

मी बरीच वर्षं बालवर्गात शिकवलं आणि आता बालशिक्षिकांना शिकवते. जूनमध्ये रडणारी मुलं पाहून मला कधीच काळजी वाटली नाही. साडेतीन वर्षांचं मूल अनोळखी जागी, अनोळखी बाईच्या हाती आईने सोपवल्यावर रडलं, तर त्याचं आईशी असलेलं नातं पक्कं आहे आणि आपल्याला काय नको आहे हे त्याला सांगता येतं, एवढाच त्याचा अर्थ. आई दिसेनाशी झाली की कासावीस होणं साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होतं, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ते सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांमध्ये ओसरतं. पण जागा, माणसं, भाषा आणि दिनक्रम हे सगळं एकाच दिवशी बदललं की ते पुन्हा वर येतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत १५ जूनच्या आसपास हे चारही बदलले.

मला काळजी वाटते ती फार लवकर गप्प झालेल्या मुलांची. यामागे जुनी हकिगत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधल्या रुग्णालयांत लहान मुलांना आईवडिलांनी ठरावीक वेळीच भेटायचं, असा नियम असे. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने वॉर्डात बसून या मुलांचं निरीक्षण केलं. जॉन बोल्बी हे मनोविकारतज्ज्ञ त्याच्याबरोबर काम करत होते. मुलं आधी जोरजोरात रडत, मग मलूल होत, आणि काही दिवसांनी रडायची थांबून येईल त्या नर्सशी बरी वागत. कर्मचाऱ्यांना वाटे, मूल रुळलं. पण आई भेटायला आली की ते तिच्याकडे पाठ फिरवी. ते रुळलेलं नव्हतं, त्याने आशा सोडलेली होती. १९५२ मध्ये रॉबर्टसनने दोन वर्षांच्या एका मुलीचं चित्रीकरण करून डॉक्टरांपुढे ठेवलं. बराच विरोध झाला, पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने पालकांना वॉर्डात मोकळेपणाने येऊ देण्याची शिफारस केली.

तीन तासांची नर्सरी म्हणजे कित्येक दिवसांचं रुग्णालय नव्हे, तेव्हा हे वाचून घाबरू नका. त्यातून घ्यायचं ते इतकंच की 'आता रडत नाही' एवढ्या उत्तरावर समाधान मानायचं नाही. मूल शाळेत रुळतं ते तिथलं एखादं माणूस त्याला आपलं वाटू लागल्यावर. ते माणूस टीचरच असेल असं नाही. आमच्या वर्गात कितीतरी मुलं आधी मावशींची झाली आणि मग वर्गाची.

म्हणून टीचरना 'आज कसा होता?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'छान होता' हेच येणार, कारण त्यांच्यापुढे तुमच्यासारख्या वीस आया उभ्या असतात. नेमकं विचारा. आज किती वेळाने थांबला? थांबला तेव्हा कोणाजवळ होता, हातात काय होतं? गाण्याच्या वेळी जवळ आला का? पाण्यासाठी किंवा शूसाठी कोणाला सांगितलं? ज्या शिक्षिकेचं मुलांकडे लक्ष आहे, ती यातल्या दोन प्रश्नांची तरी उत्तरं चटकन देईल. 'ब्लॉक्सच्या टोपलीजवळ बसला होता, लाल गाडी कोणाला देत नव्हता' असं उत्तर आलं, तर निम्मं काम झालं असं समजा. आठवडाभर विचारूनही एकही नेमकं उत्तर मिळालं नाही, तर अडचण मुलात नाही, वर्गात आहे. एका शिक्षिकेकडे किती मुलं आहेत, हेही मग विचारा.

आता फाटकाबद्दल. 'मागे न बघता निघून जा' हा टीचरचा सल्ला अर्धा बरोबर आहे. निरोप लांबवला की रडणं लांबतं, हे खरं. पण बरेच पालक त्याचा अर्थ 'मुलाचं लक्ष नसताना सटकायचं' असा घेतात, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. खेळण्याकडे वळलेल्या मुलाने मान वर केली आणि आई नाही, असं एकदा झालं की पुढे ते मूल खेळण्याकडे वळतच नाही. आपण नजर हटवली की आई गायब होते, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं. मग ओढणीची पकड घट्ट होते. घरीही ते बाथरूमच्या दारापर्यंत मागे येतं, रात्री दचकून उठून आई जागेवर आहे का ते चाचपतं.

तसंच खोटं बोलण्याचं. 'मी इथेच बाहेर बसलेय' म्हणून घरी जायचं नाही. 'चॉकलेट घेऊन आलेच' म्हणायचं नाही. 'रडलास तर टीचर रागावतील' हे तर अजिबात नको, कारण ज्या बाईजवळ त्याने शांत व्हावं असं आपल्याला वाटतं, तिचीच आपण भीती घालत असतो. काही घरांत 'आज शाळा नाहीये, भूर जायचंय' असं सांगून मुलाला रिक्षात बसवतात. त्यामागची हतबलता मला कळते, पण त्याची किंमत पुढचा महिनाभर मोजावी लागते.

निरोप छोटा, रोज सारखा आणि खरा असावा. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. 'तुला रडू येतंय, मला कळतंय. मी आता घरी जाणार. तुमचा डबा होईल, गाणी होतील, मग मी इथे फाटकाशी असेन.' एक पापा, एक टाळी, आणि त्याचा हात टीचरच्या किंवा मावशींच्या हातात द्यायचा. मुलाला नुसतं जमिनीवर उभं करून निघायचं नाही, हातातून हातात द्यायचं. मग मात्र निघा आणि परत वळू नका. खिडकीतून डोकावणारी आई मुलाला दिसतेच. 'बारा वाजता येईन' याचा या वयात काही उपयोग नाही, घड्याळ त्यांना कळत नाही. डबा, गाणी, चपला घालणं हा क्रम कळतो. आणि सांगितलं त्याप्रमाणे फाटकाशी असा, पहिले दोन महिने तरी पाच मिनिटं आधीच. बाकीची मुलं गेली आणि आपणच उरलो, हे ज्या मुलाच्या वाट्याला येतं, त्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी फाटकावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

तुमच्या यजमानांना सांगा की 'होईल सवय' हे ते स्वतः सोडायला जाऊन म्हणू देत. मी हे रागाने म्हणत नाही. बाबांनी किंवा आजोबांनी सोडलं की अनेक मुलं खरोखर कमी रडतात, कारण रडण्याचा सगळा जोर आईसाठी राखलेला असतो. आठवडाभर करून बघा.

मुळात ही सुरुवात शाळांनी सावकाश करायला हवी. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिथली पद्धत माहीत असते. बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात ती आखली गेली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गात मुलासोबत तासभर बसतात आणि त्याला घेऊनच घरी जातात. चौथ्या दिवशी पालक सांगून थोडा वेळ बाहेर जातो, जास्तीत जास्त अर्धा तास. तेवढ्यात मूल शिक्षिकेकडून शांत होत असेल तर वेळ वाढवत न्यायची, नसेल तर पुन्हा काही दिवस सोबत बसायचं. पुढे जायचं की थांबायचं, हे मूल शिक्षिकेकडून शांत होतं का, यावर ठरतं.

आणि यासाठी जर्मनीकडेच बघायला हवं असंही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावाला गेल्या. वस्तीवरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ओळखीच्या अंगणात, घरच्या माणसांच्या नजरेसमोर मुलं गाऊ-खेळू लागली. आपल्याकडचं बालशिक्षण अशा ठिकाणी उभं राहिलं आणि आज आपल्याच शहरांत पहिल्या दिवशी फाटक लावून घेणाऱ्या शाळा आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही शाळेला विचारून पहा : आठवडाभर मी पहिली वीस मिनिटं वर्गात बसू का? किंवा दोन आठवडे डबा झाल्यावर लगेच नेऊ का? काही शाळा नाही म्हणतील, पण विचारलं म्हणून कोणी काढून टाकत नाही.

सकाळची पोटदुखी खोटी नाही. त्याला कुठेतरी खरंच दुखतं, फक्त दुखण्याचं मूळ पोटात नाही. शाळेला सुट्टी असते त्या दिवशी दुखतं का ते बघा. सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल, दुखण्याने रात्री जाग येत असेल, ताप असेल, वजन घटत असेल किंवा उलटी हिरवट असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. फक्त शाळेच्या सकाळीच दुखत असेल, तर आधी सकाळ बदला. माझ्या अनुभवात या वयातल्या शाळेआधीच्या उलट्यांमध्ये घाईघाईने पाजलेल्या दुधाच्या पेल्याचा वाटा मोठा असतो. मूल अर्धवट झोपेत, पोटात गोळा आलेला, त्यात आई पेला तोंडाला लावून 'संपव लवकर' म्हणते. आठ दिवस ते दूध बंद करा. केळ्याचे दोन तुकडे, चार चमचे उपमा, काही नकोच असेल तर नुसतं पाणी. शाळेतून आल्यावर नीट जेवेल.

झोपही बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. बाबा रात्री नऊला घरी येतात, मग खेळ, मग साडेअकराला झोप आणि साडेसातला उठवणं, हा हिशेब जमत नाही. मुलांची झोप होत नाही म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. झोपताना 'उद्या रडायचं नाही हं' हे घालू नका. त्या वाक्याने तो उद्याची चिंता घेऊनच झोपतो. त्यापेक्षा गोष्ट सांगा, आणि तीही शाळेची नको.

डब्याचं मला विशेष वाटत नाही. गलका असतो, भूक नसते, आणि कित्येकदा झाकणच उघडता येत नाही. हे तुम्ही घरी तपासा : तोच डबा, तीच वॉटरबॅग, त्याच्या हातात द्या आणि मदत न करता बघा. आपल्याकडे साडेतीन वर्षांच्या मुलाला सर्रास भरवतात, बहुतेक वेळा टीव्हीसमोर. शाळेत भरवायला कोणी नाही आणि टीव्हीही नाही, मग मूल डब्याकडे बघत बसतं. रविवारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसवून त्याच्या हाताने जेवू द्या. सांडेल, सांडू द्या. शाळेच्या डब्यात पोळीचे छोटे रोल, इडलीचे तुकडे, त्याला आवडतं तेच, आणि थोडंच. घरी आल्यावर दारातच 'डबा खाल्लास?' असं विचारू नका.

चड्डी ओली होणं याकडे मात्र नीट बघा, कारण त्यात बहुतेक वेळा एखादं साधं कारण सापडतं. ताण आला की नुकतं शिकलेलं आधी सुटतं, हे आहेच. पण शाळेचं स्वच्छतागृह तुम्ही आत जाऊन पाहिलंत का? अंधार आहे का? फ्लशचा आवाज मोठा आहे का? घरी कमोड आणि तिथे भारतीय पद्धतीचं, किंवा उलट? गणवेशाच्या चड्डीला हूक आणि पट्टा असेल तर त्याला तो काढता येत नसणार. इलॅस्टिकची चड्डी घालायची परवानगी मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : तो घरी 'शू आली' म्हणतो. वर्गात 'मे आय गो टू टॉयलेट' म्हणायला शिकवत असतील, तर हे वाक्य आठवेपर्यंत चड्डी ओली होते. टीचरना स्पष्ट सांगा की तो 'शू' म्हणतो आणि काही दिवस तेवढं पुरे समजा. दप्तरात एक चड्डी जास्तीची ठेवा आणि ती कुठे आहे हे त्याला दाखवून ठेवा. ओली झाली तर घरी त्यावर चर्चा नको, नातेवाइकांसमोर तर नकोच. लघवी करताना जळजळ होत असेल, सारखं जावं लागत असेल किंवा शौचाला खडा होत असेल, तर डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. बद्धकोष्ठतेमुळेही मुलं चड्डी ओली करतात. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर पाच वर्षांपर्यंत त्याला आजार धरत नाहीत.

यातूनच भाषेचा मुद्दा येतो. त्याचं घर मराठी, फाटक ओलांडलं की इंग्रजी. मोठ्या माणसाला अनोळखी भाषेच्या गावात एकटं सोडलं, तर तोही पहिले काही दिवस गप्पच राहील. नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिने त्या ठिकाणी बोलत नाहीत, फक्त ऐकतात. काही मुलांना ठरावीक ठिकाणीच न बोलण्याचा जो विकार असतो, त्याचंही निदान करताना शाळेचा पहिला महिना धरतच नाहीत. तुमचा मुलगा वर्गात गप्प असेल, तर आत्ता 'याला बोलता येत नाही का?' या प्रश्नाने घाबरून जाऊ नका. घरी मात्र घाईने इंग्रजी सुरू करू नका. 'अॅपल खा, वॉटर पी' यातून इंग्रजी येत नाही आणि मराठी पातळ होते. घरी भरपूर, गोष्टींची, भांडणाची, लाडाची मराठी बोला. ज्याची घरची भाषा पक्की, त्याला दुसरी सोपी जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ या वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे, तो याच कारणासाठी. शाळेकडून एवढी अपेक्षा तुम्ही नक्की ठेवा की मूल रडत असताना त्याला मराठीत जवळ घेतलं जाईल. 'ये रे बाळा' या तीन शब्दांनाही ज्या वर्गात बंदी आहे, तिथे मी साडेतीन वर्षांचं मूल ठेवणार नाही.

शेजारच्या मुलीची एबीसीडी कृपा करून बाजूला ठेवा. हात आणि डोळे यांचा मेळ ठरावीक क्रमाने बसतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची फुली, साडेचार-पाचला चौकोन, आणि पाचच्या सुमाराला त्रिकोण. त्रिकोणात तिरक्या रेघा आहेत. ए, के, एम, एन यांतही तिरक्या रेघा आहेत, आणि आपल्या 'अ'ला तर गोलाई, उभी आणि आडवी रेघ असं सगळंच लागतं. काही मुलं लवकर काढतात, पण साडेतीनला न काढणारं मूल मागे नाही. त्याला परातीत कणकेचा गोळा द्या, मटकी आणि शेंगदाणे निवडायला द्या, फरशीवर खडूने हवं ते रेघाटू द्या, कपड्यांचे चिमटे दोरीला लावू द्या. बोटांत ताकद यातून येते. पूर्वी दसऱ्याला घरोघरी पाटीपूजन होई, पाटीवर सरस्वती काढून मुलाच्या हातून गिरवून घेत, आणि दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा अंगणात. ती समज मला आजच्या नर्सरीच्या गृहपाठापेक्षा शहाणी वाटते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला तो हेच सांगायला की या वयात मूल हाताने, खेळाने आणि स्वतःच्या गतीने शिकतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली आणि साडेतीन वर्षांच्या मुलाने चार रेघी वही भरावी अशी अपेक्षा अजून होते आहे. तुमच्या शाळेतून गृहपाठ येत असेल तर खुशाल कोरा परत पाठवा.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे पूर्व-प्राथमिक सक्तीची नाही आणि पहिलीला प्रवेश साधारण सहाव्या वर्षाच्या सुमाराला. एक वर्ष घरी राहिल्याने कोणाचं काही बुडत नाही. प्रश्न असा की घरी राहून तो काय करेल? आजी-आजोबांकडे वेळ आणि ताकद असेल, खाली खेळायला मुलं असतील, तर ते वर्ष फार चांगलं जाईल. बंद फ्लॅट, दमलेली आजी आणि हातात मोबाइल असं होणार असेल, तर शाळाच बरी. माझं मत विचाराल तर जुलै अखेरपर्यंत, वर सांगितलं तसं बदलून, शाळा चालू ठेवा. तोवर आत एकही माणूस त्याचं झालं नाही, सुट्टीच्या दिवशीही तो भेदरलेला राहिला, खेळणं-खाणं-झोप सगळंच बिघडलं, तर काढून घ्या. त्यात हार नाही. फक्त 'रडलास तर काढून टाकू' किंवा 'नाही रडलास तर सायकल' असले सौदे त्याच्यासमोर नकोत.

अधूनमधून मागे जाणंही धरून चाला. या वयाच्या मुलांना एरवीही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते, शाळेच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्त. पावसाळ्यात चार दिवस आजारी पडून घरी राहिला की पाचव्या दिवशी फाटकावर पुन्हा रडेल. गणपतीच्या सुट्टीनंतर रडेल, दिवाळीनंतर रडेल. पण प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा लवकर थांबायला हवं.

काही गोष्टी मात्र वाट न बघता करायच्या. नीट रुळलेलं मूल अचानक जायला नाही म्हणू लागलं, एकाच व्यक्तीचं किंवा एकाच जागेचं नाव काढलं की घाबरू लागलं, अंगावर वळ दिसले, शी-शूच्या जागी दुखतं म्हणालं, तर ते ऐका आणि खरं धरून चाला. 'टीचरने मारलं का?' असं त्याच्या तोंडात शब्द घालू नका. 'मग काय झालं?' एवढंच विचारत राहा आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. डॉक्टरांना दाखवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांकडे तक्रार करता येते, आणि ती शाळेने 'आतल्या आत मिटवण्याची' बाब नव्हे. व्हॅन सध्या लावू नका. आधी शाळा ओळखीची होऊ दे, व्हॅनवाल्या काकांशी ओळख त्यानंतर.

आणखी एक तपासून घ्या. घरी तो तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो का, मागून हाक मारली की वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, दुसऱ्या मुलांचा खेळ बघून त्यांच्याजवळ जावंसं त्याला वाटतं का? यातलं बरंचसं नसेल, किंवा मिक्सर-कुकरच्या आवाजाने तो कान झाकून बेचैन होत असेल, तर ऐकण्याची तपासणी आणि बालविकासतज्ज्ञांची भेट लगेच घ्या. अशा मुलांसाठी गजबजलेला वर्ग खरोखर जड असतो आणि नुसत्या सवयीने ते सुटत नाही.

आता तुमचं ऑफिस. नोकरीला जाणं ही चूक नाही, आणि मूल रडतं ही त्याची शिक्षा तर नाहीच. फक्त शाळा आणि आईचं ऑफिस हे दोन बदल एकाच आठवड्यात त्याच्यावर आदळू देऊ नका. ऑगस्टमध्ये त्याला शाळेतून जे आणणार आहेत, आजी असोत की पाळणाघराच्या ताई, त्यांनी जुलैच्या मध्यापासूनच आणायला सुरुवात करावी. आधी तुम्ही दोघी जा, मग त्या एकट्या, आठवड्यातून दोनदा, मग रोज. दुपारी तुम्ही तास-दोन तास मुद्दाम बाहेर जा आणि सांगून जा. ऑगस्ट उजाडेल तेव्हा त्याच्यासाठी त्यात नवीन फारसं काही उरलेलं नसेल. संध्याकाळी आल्यावर पहिला अर्धा तास फोन आणि गॅस दोन्ही बंद ठेवून त्याच्याजवळ जमिनीवर बसा. घरी आल्यावर तो चिडचिड करेल, मारेल, क्षुल्लक गोष्टीवरून आकांत करेल. दिवसभर धरून ठेवलेलं तो तुमच्याजवळ सोडतो, म्हणून तसं होतं.

उद्या जाताना टीचरसाठी एक चिठ्ठी न्या. त्यात त्याला घरी काय म्हणून हाक मारता, शू-शीसाठी त्याचा शब्द कोणता, कशाला घाबरतो, कोणतं गाणं लागलं की थांबतो आणि त्याचा आवडता खेळ कोणता, एवढं पाच ओळींत लिहा. मावशींनाही ते तोंडी सांगा, कारण फाटकावर त्याला उचलून घेणाऱ्या बहुतेक त्याच असतात. घरचा एक ओळखीचा रुमाल किंवा छोटी गाडी खिशात ठेवायला परवानगी मागा. आणि तुम्ही निघाल्यावर पंधरा मिनिटांनी एकच फोन करू द्याल का, हे विचारा. त्या फोनवर 'थांबला का?' एवढंच विचारू नका, कोणाजवळ थांबला तेही विचारा.